तीन जागचा नमुना

केळी घ्यायला उतरलो, दार लावलं, दाराच्या दांडीवरचं काळं बटण अंगठ्यानं दाबलं आणि चार पावलं चाललो असेन, तेवढ्यात गाडी मागून टीं टीं टीं करून वाजली. मी तिथंच थांबलो. केळीवाला काहीतरी विचारत होता, ते मला ऐकू येत होतं, पण मान वळत नव्हती. हा आवाज मी आयुष्यात एकदाच ऐकला होता. अकरा महिन्यांपूर्वी, महागावला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात. तेव्हा गाडीत नलू बसलेली होती. माझी बायको. तो आवाज म्हणजे नलूनं मला मारलेली हाक, असं मी अकरा महिने धरून चाललो होतो आणि हे कोणालाही सांगितलेलं नव्हतं. मुलालाही नाही. आता यवतमाळच्या धामणगाव रोडवर, सकाळी दहा वाजता, रिकामी गाडी त्याच आवाजात वाजली. मी वळून पाहिलं. पुढची सीट रिकामी होती. मागच्या सीटवर माझा जेवणाचा डबा होता. नलूची सुटकेस मी सकाळीच डिक्कीत ठेवली होती. केळीवाला म्हणाला, "काका, गाडी लॉक नाही झाली तुमची."

मी परत जाऊन बटण दाबलं. टीं टीं टीं. दार उघडंच. खिशातून रिमोट काढून त्याच्यावरचं बटण दाबलं. तेच. केळीवाला टोपलीमागून उठून आला. त्याच्या साळ्याच्या गाडीचा रिमोट असाच करत होता म्हणे. "हनुवटीले लावून दाबा काका. डोक्यातून करंट जाते." मी हनुवटीला लावून दाबला. रस्त्यावरून जाणाऱ्या दोन बाया हसल्या. माझ्या डोक्यातून काही गेलं नाही. "सेल गेला असन मंग," तो म्हणाला आणि केळी तोलायला गेला. मी पण तेच धरलं. सेल गेला. यंत्रात सेल जातो. पण लगेच निघालो नाही, पाच मिनिटं गाडीतच बसलो, तिच्या बाजूच्या सीटवर. तिथं का बसलो ते माहीत नाही, तेच दार जवळ होतं.

गाडी मुळात माझी नाही. धम्मदीपची, माझ्या मुलाची. त्यानं पुण्यात दुसरी घेतली आणि ही इथं आणून आमच्या दारात लावली. तिला चावी खुपसायची नाही. रिमोट नुसता खिशात ठेवायचा, गाडीला आपोआप कळतं की मालक जवळ आहे. मला ते पटलं नव्हतं. माझी सगळी नोकरी कापसात गेली, ग्रेडर म्हणून. गाडीवाला कापूस ओतायचा आणि मी हात घालून सांगायचो की हा कोणत्या प्रतीचा. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा, धागा किती लांब निघतो ते पाहायचं. सरकी दाताखाली धरायची, कट्ट वाजली तर कापूस वाळलेला, दबली तर ओला. हातात आणि दातात आल्याशिवाय काही कळतं यावर माझा विश्वास नव्हता. नलूला मात्र गाडी पहिल्या दिवसापासून आवडली. ती सरकारी दवाखान्यात सिस्टर होती, यंत्रांचा तिला धाक नव्हता. तिला गाडी चालवता येत नव्हती, शिकायचीही नव्हती, पण चावी पाहिजे होती. दोन चाव्या आहेत तर एक माझी, म्हणाली. दाराजवळ दोन खिळे ठोकले. एकावर माझी, एकावर तिची. तिच्या चावीला तिनं लोकरीची एक पिशवी विणली होती, हिरवी, बटण आणि फास असलेली.

चावी तिला कशाला पाहिजे होती ते मला बाभुळगावला कळलं. तिची मोठी बहीण विमलताई तिथं राहते. गल्ली अरुंद, गाडी आत जात नाही. रस्त्यावर लावावी लागते आणि चाळीसेक पावलं चालावं लागतं. दोघी बहिणी बोलायला बसल्या की दीड-दोन तास. मी थोडा वेळ बसायचो आणि मग गाडीत येऊन डुलकी घ्यायचो. तर एकदा मी असा झोपलेलो आणि गाडी हॉर्न देऊन उठली. पोंप, पोंप. मी दचकून इकडं तिकडं पाहतो तर नलू विमलताईच्या दारात उभी, हातात चावी, आणि दोघी हसताहेत. बटण लागोपाठ दोनदा दाबलं की हॉर्न वाजतो, हे तिनं शोधून काढलं होतं. "चहा झाला," ती ओरडली. त्यानंतर ती पद्धतच पडली. दोनदा वाजलं की मी जायचं. बाजारात, लग्नात, सगळीकडं. मला थोडा राग यायचा. पण जायचो.

जनरल स्टोअरमधून सेल घेतले. कार्डावर दोनच येतात, एक सुटा देत नाही. नाण्यानं रिमोट उघडला. आत गोल सेल आणि बाजूला लोखंडाची लहानशी चावी लपवलेली. गाडीला काहीच कळेनासं झालं तर दार उघडायला. धम्मदीपनं दाखवली होती, मी विसरलो होतो. जुना काढला, नवा बसवला, अक्षरं वर येतील असा. रिमोट मिटला. बाहेर उभं राहून दाबलं. टीं टीं टीं. लोखंडाच्या चावीनं दार बाहेरून बंद करून पाहिलं, तर ते खट्ट करून बंद झालं आणि तेवढ्याच खट्ट करून पुन्हा उघडलं. जसं कोणी आतून उघडावं. मी काचेला दोन्ही हात लावून आत पाहिलं. मला लाज वाटली. मी तथागतांना मानणारा माणूस आहे, भुताखेतांचं आमच्या घरात नाव नाही. नलू तर ड्यूटीवरून प्रेताजवळून उठून यायची आणि हात धुऊन भाकरी थापायची. पण मी काचेला हात लावून आत पाहत होतो आणि मनात म्हणत होतो, नलू, मी आता आलोय, आता काय पाहिजे?

बस स्टँडच्या बाजूला ममताची टपरी आहे. तिचे वडील घड्याळं दुरुस्त करायचे. घड्याळं संपली तशी ती चाव्या आणि रिमोट करायला लागली. पस्तीसेक वर्षांची असेल, वडिलांचंच भिंग डोळ्याला लावते. मी म्हटलं, "रिमोट गेला."

"कसा गेला जी? हातात तं हाय."

"गाडी बंद करत नाही. नुसती ओरडते."

तिच्याकडं एक लहान डबी होती, रिमोट तिच्याजवळ धरून दाबला की लाल दिवा लागतो. तिनं धरला, दिवा लागला. पुन्हा धरला, पुन्हा लागला. "हा चांगला हाय, काका."

"मंग गाडी बिघडली?"

"पाहू." ती टपरीतून उतरली, गाडीला एक चक्कर मारली. माझ्याकडून रिमोट घेतला, दार लावलं, काळं बटण दाबलं. टीं टीं टीं. तिनं मान हलवली, जसा मी ओला कापूस पाहून हलवायचो. "दुसरी चावी कुठं हाय?"

"हरवली."

"कधी?"

"मागच्या डिसेंबरात."

"हरवली नाही. गाडीत हाय." मग ती समजावून सांगायला लागली, मोठ्या माणसाला सांगतात तसं, हळू. "एक चावी आत अन् तुम्ही बाहेरून बंद करून राह्यले, तं गाडी बंद होत नाही. आतली कोंडल्या जाईन न. म्हणून ओरडते, का बाप्पा, हे घेऊन जा."

"आपलं आपण?"

"आपलं आपण. त्याले माणूस नाही लागत."

मी गाडीच्या बॉनेटवर हात टेकला. ते गरम होतं. ममता म्हणाली, "काका, बसा. पाणी देऊ?" मी नको म्हटलं. त्याले माणूस नाही लागत.

महागावला आम्ही साक्षगंधाला गेलो होतो, नलूच्या मावसभावाच्या मुलीच्या साखरपुड्याला. डिसेंबरची सुरुवात. ते बोंडअळीचं वर्ष. बोंडं दिसायला भरलेली आणि फोडलं की आत किडलेला, पिवळा, घट्ट झालेला कापूस. वेचायला मजूर तयार नव्हते. त्याच पावसाळ्यात शेतकऱ्यांना फवारणीचं विषही बाधलं होतं. नलूच्या दवाखान्यात माणसं खाटेवर दोन-दोन येत होती. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडातून लाळ, अंगातून औषधाचा वास. ती त्यांचे डोळे धुवायची, अंग धुवायची. घरी आली की तिच्याही साडीला तो वास. मी म्हणायचो सुट्टी टाक, ती म्हणायची, "कोण पाहील मंग त्याईले?" साक्षगंधाहून निघताना तिनं डाव्या खांद्याला हात लावला. "पित्त झालं वाटते. पुऱ्या जास्त झाल्या." वीस वर्षं ती गावोगाव सांगत होती की खांदा, छाती, घाम, असं काही झालं तर पित्त म्हणून बसू नका. स्वतःच्या वेळी पित्त म्हणाली. आणि मी पुऱ्याच धरल्या. तिची पर्स मी तिच्या हातातून घेऊन मागच्या सीटवर ठेवली, मांडीवर ओझं नको म्हणून.

गावाबाहेर पडताना जिनिंगच्या मालकाचा फोन आला. मी रिटायर झालो होतो, पण असे फोन यायचे. कापसावरून भांडण झालं होतं, त्यांचा ग्रेडर एक म्हणत होता आणि शेतकरी दुसरं. मी सांगेन ते मानायला दोन्हीकडचे लोक तयार होते. मी नलूला म्हटलं, पाच मिनिटं. ती म्हणाली, "लवकर या." गाडी निंबाच्या सावलीला लावली, काचा थोड्या खाली केल्या, उतरलो आणि सवयीनं काळं बटण दाबलं. ती आत आहे हे माहीत असून. हाताला माहीत नव्हतं. चार-पाच पावलं गेलो आणि मागून टीं टीं टीं. मला वाटलं, नलू. आताच तर म्हणाली लवकर या, आणि लगेच हाक? मी मागं वळलो नाही. चालता चालता हात वर केला, हो हो, येतो, अशा अर्थानं, आणि पुढं गेलो.

शेतकरी म्हणजे एक बाई होती. प्रभावती नाव तिचं. डोक्याला रुमाल बांधलेला, आवाज बसलेला. तिचा ढीग तिथल्या ग्रेडरनं वरूनच पाहून खालच्या प्रतीत टाकला होता. आमच्या कामाचा एकच नियम आहे, नमुना तीन जागचा घ्यायचा. वरून, मधून आणि खालून. वरचा कापूस सगळ्यांचाच उन्हातला असतो, वारा लागलेला. मधला खरा. आणि खालचा, जिथं ओल बसते, तो कोणी दाखवत नाही. त्या वर्षी उलटं झालं होतं. अळीचा कापूस वर पडलेला दिसला की पाहणारा पुढं पाहतच नव्हता. मी खांद्यापर्यंत हात घातला. मधून काढला, ओढला, धागा चांगला निघाला. खाली पोटावर झोपून हात घातला. पिवळा भाग वेगळा वेचून वर ओतला होता तिच्या जावेनं, चुकून. खालचा पांढरा होता. मी ग्रेडरला दाखवला, तो ऐकेना, मालकाला बोलावलं, पुन्हा सरकी फोडली, पुन्हा ओढला. त्यात चाळीस मिनिटं गेली. बाईचं काम झालं. ती म्हणाली, "साहेब, तुम्ही हात घातला म्हणून." मी खूष होतो. खूष होऊनच गाडीकडं आलो. नलूचं डोकं काचेला टेकलेलं होतं. मला वाटलं झोपली.

नंतर सगळ्यांनी विचारलं, काही बोलल्या का? काही सांगितलं का? मी नाही म्हणत गेलो. धम्मदीपनं तीनदा विचारलं. तिसऱ्या वेळी तर मी त्याच्यावर चिडलो. कारण मला वाटत होतं की तिनं सांगितलं होतं. आमच्या ठरलेल्या रीतीनं सांगितलं होतं, आणि मी हात हलवून गेलो होतो. रात्री झोप यायची, जेवणही जायचं, लोक म्हणायचे पंजाबराव सावरले. पण कुठंही काही वाजलं, कुकरची शिट्टी, फोन, एसटीचा हॉर्न, की मी उठून उभा राहायचो. शेजाऱ्यांना वाटायचं मला काही काम आठवलं.

ममता डिक्कीजवळ उभी होती. "आज नवीन काय ठेवलं गाडीत?"

मी सुटकेस सांगितली. नलूचे कपडे. पुण्याला सून बाळंत व्हायची आहे आणि विमलताई नलूच्या साड्यांचं दुपटं शिवणार आहे. वर्ष व्हायच्या आत शिवून देते म्हणाली, बाळाला थंडीत आजीचं पांघरूण होईल. सुटकेस विमलताईनंच भरली होती, नलूच्या पुण्यानुमोदनाचा विधी झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी. दवाखान्यातून आलेलं सामान, पर्स, सगळं त्यात घालून कड्या लावल्या. मी तेव्हापासून ती उघडलेली नव्हती.

"काढू का मी?" ममतानं विचारलं.

"नाही. मी काढतो."

ती टपरीत परत गेली आणि पाठ करून कानस घासायला लागली. कोणती चावी घासत होती कोण जाणे, त्या वेळी गिऱ्हाईक नव्हतं. मी कड्या उघडल्या. वर तिचा निळा स्वेटर होता. त्याखाली पर्स. बायकोच्या पर्सला मी कधी हात लावला नव्हता. पैसे पाहिजे असले तरी ती पर्स तिला नेऊन द्यायचो आणि ती काढून द्यायची. चेन उघडली. थर्मामीटर, त्याच्या डबीसकट. सेफ्टीपिनांचा झुबका. साक्षगंधात वाटलेली सुपारीची पुडी, न फोडलेली. रुमाल. आत एक कप्पा, त्यालाही चेन, ती गंजून धरलेली होती. मी नखानं ओढत राहिलो. उघडली तेव्हा आत हिरवी पिशवी होती, आणि पिशवीचं बटण फासात घातलेलं होतं. तिनं निगुतीनं घातलेलं. चावी त्या पिशवीत.

मी ती हातात धरून मोजत गेलो. मागच्या सीटवर पर्स, पर्सला चेन, आत कप्पा, कप्प्याला चेन, आत पिशवी, पिशवीला बटण. मी चार पावलं चालेपर्यंत हे सगळं उघडून दोनदा दाबणं कोणाला जमलं नसतं. जमलं असतं आणि नंतर तिनं सगळं पुन्हा लावून ठेवलं असतं, असंही नाही. आणि तिनं दाबलं असतं तर हॉर्न वाजला असता. पोंप, पोंप. चिमणीएवढं टीं टीं टीं नाही. मी सरकीच्या आवाजावरून ओल सांगणारा माणूस. वेगळा आवाज होता हे मला त्याच दिवशी कळायला पाहिजे होतं. एकाच नमुन्यावर मी अकरा महिने बसलो.

ममताला म्हटलं, "एकदा करून पाहू." हिरवी पिशवी तिच्या हातात दिली, तिला लांब, टपरीत उभं केलं, आणि दार लावून बटण दाबलं. गाडीचे दिवे एकदा लागले आणि दार बंद झालं. काही ओरडणं नाही. पुन्हा पिशवी आत ठेवून केलं. टीं टीं टीं. तिसऱ्यांदा पुन्हा बाहेर. गप्प. ममता म्हणाली, "काका, तीनदा कायले? पह्यल्यांदाच समजलं न."

"आमच्यात तीनदा पाहतात," मी म्हटलं.

तिनं काही घेतलं नाही. काय केलं मी, म्हणाली. नलूच्या चावीतला सेल तेवढा तपासला, तो जवळजवळ संपला होता. "पंधरा दिवसांनी हा पुरा संपला असता, मंग गाडी ओरडलीच नसती. तुम्हाले समजलंही नसतं." माझ्या कार्डावरचा दुसरा सेल तिनं त्यात बसवला.

बाभुळगावच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला होता, या वर्षी जरा बरा, काही ठिकाणी उपटून हरभरा पेरलेला. मला वाटलं होतं की हलकं वाटेल. वाटलंही, चार-पाच किलोमीटर. तिनं हाक मारली नव्हती. ती घाबरून, मला बोलावत, मी येत नाही हे पाहत गेली नव्हती. मग हळूहळू दुसरं लक्षात आलं. तिचं शेवटचं म्हणून माझ्याजवळ तेवढंच होतं. लवकर या, हे तर ती रोजच म्हणायची. तो आवाज मात्र माझ्यासाठी होता, फक्त माझ्यासाठी, आमच्या ठरलेल्या खुणेचा. कितीही टोचला तरी मी तो जपून ठेवला होता. आता तो गाडीचा निघाला. एका घराजवळ मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकून बसलो. घरातली म्हातारी बाहेर येऊन उभी राहिली. थोड्या वेळानं तांब्या घेऊन आली.

पाणी पिताना मला खालच्या नमुन्याची आठवण झाली. वरचा, आवाज, तो पाहिला. मधला, चेन आणि बटण, तोही पाहिला. खालचा राहिला होता. हाक नव्हती हे आज कळलं. त्या दिवशी मला ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मला ती हाकच वाटली होती. आणि तरी मी वळलो नाही. गाडीत काही बिघाड नव्हता, रिमोटमध्ये नव्हता, तिनं काही लपवलं नव्हतं. ओल जिथं होती तिथंच होती.

विमलताईच्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली. बटण दाबलं. बंद झाली. एका हातात सुटकेस, दुसऱ्या हातात केळी आणि डबा. विमलताई सत्तरीची आहे, कमरेत वाकली आहे, पण सुईत दोरा अजून स्वतः ओवते. ती जयभीम म्हणून सुटकेसकडंच आली. साड्या एक एक काढून मांडीवर पसरायला लागली. "ही लय मऊ झाली. ही पोटाशी लावतो. ही काठाची वर. पंजाबराव, तुम्ही काहून असे बसले, जेवले नाही का?"

मी हिरवी पिशवी खाटेवर ठेवली आणि सगळं सांगितलं. पहिल्यांदाच, आणि उलट्या क्रमानं. आधी केळीवाला, मग ममता, मग जिनिंग. मग तो वर केलेला हात. ती साड्यांची घडी घालत ऐकत होती. मी म्हटलं, "मले वाटलं ती बोलावते. अन् मी गेलो नाही, ताई. हात केला अन् गेलो."

"हात केला?"

"हो. मागं न पाहता."

विमलताईनं साडीचा काठ दोन बोटांत धरून उजेडात पाहिला, कुठं विरला आहे का म्हणून. "गाडीत बसून माणूस कुठं पाहते? समोरच न. तुम्ही जाऊन राह्यले, तं तुमच्याकडंच पाहत असन." मग म्हणाली, "तिले तं माहीतच नसन गाडी कायले वाजली. तिले वाटलं असन, हे आज चालता चालता हात करून गेले. कधी करत होते तुम्ही?"

"नाही."

"मंग," ती म्हणाली आणि उठून चहा ठेवायला गेली. तिला डोळे पुसायचे होते हे मला कळलं. मी खाटेवर बसून राहिलो. कधी करत नव्हतो, ते खरं होतं. मी तसा माणूस नव्हतो. त्यानं काही फिटतं असं मी म्हणत नाही, विमलताईही म्हणाली नाही. चहात तिनं आलं जास्त टाकलं होतं, नलू टाकायची तसं.

निघताना तिनं साड्या रंगांनुसार लावून ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांत होते म्हणाली. मी चपला घातल्या आणि निघालो. गल्लीत ऊन होतं, एका ओट्यावर तुरीच्या शेंगा वाळत घातलेल्या. अर्ध्याच्या पुढं गेलो असेन, तर समोर गाडीनं दिवे मिचकावले आणि हॉर्न दिला. पोंप, पोंप. मोठा, भरदार आवाज. ओट्यावरची कोंबडी उडाली. माझा हात वर जायला निघाला होता, तो मी खाली घेतला आणि वळलो.

विमलताई दारात उभी होती. तिच्या एका हातात हिरवी पिशवी आणि चावी, दुसऱ्या हातात माझा डबा.

"राह्यला इथंच," ती ओरडली.

मी परत गेलो.